तिकिटातला सहावा हिस्सा

केजच्या बसस्थानकावर अंबाजोगाईची गाडी लागली की खिडकीतून आधी रुमाल आत पडतो, मग ओढणी, मग दप्तर. जागा धरायची ही रीत कुठल्याच बाईला शिकवावी लागत नाही. परवा शेजारच्या मावशींनी पदराची गाठ सोडली, कंडक्टरला म्हणाल्या, ‘‘अर्धं दे रे भाऊ.’’ मग माझ्याकडं वळून, ‘‘उरलेलं अर्धं सरकार भरतं म्हणं. आन् सरकारकडं कुठून येतं गं ताई?’’

खरंच, कुठून येतं?

१७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना निम्मं भाडं आहे. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना त्याआधीच, ऑगस्ट २०२२ मध्ये, प्रवास मोफत झाला. खेड्यातल्या शाळकरी मुलींना तर अहिल्याबाई होळकर योजनेत कितीतरी वर्षांपासून फुकट पास मिळतो. या सवलतींचे पैसे सरकारनं महामंडळाला द्यायचे असतात. ही झाली एक बाजू.

दुसरी बाजू फारशी कुणी सांगत नाही. एसटीच्या भाड्यात साडेसतरा टक्के प्रवासी कर असतो, १९५८ च्या कायद्यानं लावलेला. म्हणजे तिकिटातला साधारण सहावा हिस्सा एसटी आपल्याकडून घेते आणि सरकारजमा करते. ज्यांच्या दारात गाडी नाही त्यांच्याकडून हा कर! मला तरी हे उलटंच वाटतं.

माझी भाची लॉस एंजेलिसला असते. तिच्याकडून कळलं की तिथल्या लोकांनी २००८ मध्ये मतदान करून खरेदीवर अर्धा टक्का जादा कर स्वतःवर लावून घेतला, तीस वर्षांसाठी. बस, रेल्वे आणि रस्त्यांसाठी. २०१६ मध्ये पुन्हा मत दिलं : आणखी अर्धा टक्का लावा, आणि जुना कर मुदत संपल्यावरही चालू ठेवा. दोन तृतीयांशांहून जास्त लोक ‘हो’ म्हणाले. साबण घेणारा बसचा खर्च उचलतो. आपल्याकडं बसमधली बाई सरकारचा.

आपल्याला हे जमत नाही असं थोडंच आहे? बहात्तरचा दुष्काळ आठवा. रोजगार हमीसाठी १९७५ मध्ये महाराष्ट्रानं व्यवसाय कर लावला. शहरातल्या पगारदारांच्या पैशावर आपल्या बीड जिल्ह्यातल्या किती बायकांनी पाझर तलावावर माती वाहिली आणि चूल पेटवली! नोकरदारांच्या पगारातून तो अजून कापला जातो. एसटीसाठी असं काही का सुचत नाही, कोण जाणे.

गाडी नसली की काय होतं, ते २०२१ च्या दिवाळीपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत चाललेल्या संपात सगळ्यांनी पाहिलं. मुलगा कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागं बसून कॉलेज गाठतो. मुलीला काळीपिवळीत दाटीवाटीनं कोण पाठवणार? ‘‘राहू दे हे वर्ष,’’ असं घरात सहज म्हटलं जातं.

मावशींना मी कराचं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, तिकीट घडी घालून बटव्यात ठेवलं.

‘‘घ्या म्हणावं पूर्ण तिकीट,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पर संध्याकाळची गाडी आमच्या फाट्यावर थांबवा. नात बारावीला हाय.’’