करहेच्या काठाने एक दिवस : देवदर्शनाच्या वाटेवरची शिवारफेरी

वर्षातून एखादी खेप देवाला होतेच. गाडी ठरते, भाकरी बांधून घेतल्या जातात, दर्शन होतं आणि दिवेलागणीला मंडळी घरी परततात. येता-जाता दोन्ही बाजूंची शेती काचेतून नुसती पळत असते. तीच गाडी वाटेत चार ठिकाणी थांबवली, तर त्याच डिझेलमध्ये गावाच्या उपयोगाची पाहणी होते.

अशा पाहणीसाठी पुणे-सासवड-जेजुरी-मोरगाव-बारामती हा रस्ता फार चांगला. सगळा मिळून साधारण शंभर किलोमीटर. सासवडपासून पुढे करहा नदी या रस्त्याच्या आसपासच राहते. नदी एक, पण शेतीचे प्रकार तीन. गेल्या फेब्रुवारीत एका गावचे पाच शेतकरी घेऊन याच वाटेने गेलो. त्यांच्या गावात पाण्याची ओढ सुरू झाली होती. माघातच विहिरी तळ दाखवू लागल्या होत्या आणि पाण्याचा काही नियम करावा की नाही, यावरून गावात दोन तट पडले होते.

हडपसर सोडून दिवे घाट चढला की पुरंदर तालुका लागतो. आषाढीला माउलींची पालखी याच घाटाने सासवडला येते. हा भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला. पाऊस बेताचा आणि तोही बेभरवशाचा. तरी अंजीर आणि सीताफळ या दोन फळांनी तालुक्याला नाव मिळवून दिलं. पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं.

अंजिराचे बहार दोन, खट्टा आणि मीठा. मीठा बहाराची फळं उन्हाळ्याच्या तोंडाला येतात आणि गोडीला सरस असतात, म्हणून भाव तिकडे जास्त. पण तांबेऱ्यावर डोळा ठेवावा लागतो. पान गळलं की फळ पोसत नाही. सीताफळाची झाडं त्या दिवसांत पानझड होऊन उभी होती. आमच्यातल्या एकाने विचारलं, "साहेब, ही वाळली का काय?" वाळलेली नव्हती. पाण्याचा ताण सोसून पुन्हा फुटणारं हे झाड आहे. माळावर, मुरमाडात येतं आणि शेळी त्याच्या पानाला सहसा तोंड लावत नाही. कमी पाण्याच्या गावाने यातून घ्यायचा तो धडा घ्यावा.

मुख्य रस्ता सोडून नायगावकडे वळलो. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे या इंजिनिअर उद्योजकाने इथे देवस्थानाची माळरान जमीन घेऊन पाणलोटाची कामं केली. बांध घातले, पाणी अडवलं, मुरवलं. त्यातूनच पाणी पंचायतीचा विचार पुढे आला. नियम साधे होते. पाणी जमिनीच्या मापाने नव्हे, घरातल्या माणसांच्या मोजणीने द्यायचं. माणशी अर्धा एकर आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क. आणि सामायिक पाण्यावर ऊस नाही. साळुंखे २००२ साली गेले, पण हे नियम आजही वाद घालण्याजोगे आहेत.

वाद झालाच. आमच्या गाडीत पाच एकर ऊस असलेले एक आबा होते. ते म्हणाले, "विहीर माझी, मोटार माझी, बिल मी भरतो. मग पाणी गावाचं कसं?" मागून एक तरुण म्हणाला, "आबा, विहीर तुमची, पण झरा कुणाच्या बांधाखालून येतो?" आबा काही बोलले नाहीत. जेजुरी येईपर्यंत गाडीत कुणीच बोललं नाही.

खरं सांगायचं तर दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. विहिरीचा खर्च एकाचा असतो, पण जमिनीखालचं पाणी सर्व्हे नंबर बघून वाहत नाही. वरच्याने बोअर खोल नेलं की खालच्याची विहीर आटते.

जेजुरीला खंडोबाचं दर्शन घेतलं. जवळच करहेवर नाझरे धरण आहे. मल्हारसागर म्हणतात तो हाच. पुढे मोरगावला मयूरेश्वर, अष्टविनायकांतला पहिला. हा आणि सुप्याकडचा भाग बारामती तालुक्यातच मोडतो, पण आहे जिराईत. ज्वारीची काढणी चालू होती, कडब्याच्या पेंढ्या बांधल्या जात होत्या. पुरंदर आणि जनाई-शिरसाई या उपसा योजनांचं पाणी या पट्ट्यांना मिळतं. पण उपशाचं पाणी म्हणजे विजेचा खर्च आलाच. पाणीपट्टी थकली की पंपालाही अडचण येते.

बारामती जवळ आली तसा रंग पालटला. नीरा डावा कालवा इंग्रजी अमदानीतला, १८८० च्या दशकातला. कालव्याखाली उसाचा हिरवागार पट्टा. सुप्याचा आणि हा तालुका एकच, पण कालव्याने त्याचे दोन भाग केले. माळेगावच्या कृषि विज्ञान केंद्रात ठिबक, रोपवाटिका, भाजीपाला असं बरंच पाहिलं. आबांनी उसाच्या ठिबकाची माहिती खोदून खोदून विचारली. नियम नको असला तरी पाणी वाचवायचं त्यांच्या मनात होतं, हे तिथे सगळ्यांना दिसलं.

सरपंच आणि गावकारभारी मंडळींना एवढंच सांगणं. अशी फेरी काढताना गाडीत एकाच विचाराची माणसं भरू नका. ऊसवाला, जिराईतवाला, एखादा भूमिहीन आणि एक तरी बाई बरोबर असू द्या, कारण हंडा तीच वाहते. प्रत्येक ठिकाणी तीनच प्रश्न विचारा : पाणी किती लागतं, माल कुठे जातो, खर्च वजा जाता हातात काय राहतं? उत्तरं वहीत उतरवा आणि आठ दिवसांच्या आत ग्रामसभेत वाचून दाखवा.

त्या पाच जणांनी वही वाचली. सगळा नियम काही मंजूर झाला नाही. मात्र पाऊस संपल्यावर गावातल्या विहिरींची पातळी मोजायची आणि तो आकडा चावडीच्या फळ्यावर लिहायचा, एवढं ठरलं. दोरी आणि दगड बांधून ही मोजणी कुठल्याही गावाला करता येते. किती पाणी आहे हे सगळ्यांना दिसलं, की रब्बीला काय पेरायचं याचं बोलणं भांडणाऐवजी हिशेबाने सुरू होतं.