पाळी जाणे हा आजार नव्हे

मासिक पाळी सलग बारा महिने आली नाही, म्हणजे रजोनिवृत्ती झाली, असे वैद्यकशास्त्र मानते. आपल्या देशात हा टप्पा साधारणतः ४६-४७ व्या वर्षी येतो. पाश्चात्त्य देशांत ५१ च्या सुमारास. अब्राहामाची पत्नी सारा हिची पाळी थांबली होती, ही गोष्ट उत्पत्तीच्या पुस्तकाच्या १८ व्या अध्यायात निःसंकोचपणे नोंदविलेली आहे. आपल्या घरांत मात्र या विषयावर अजून कुजबुजच चालते, म्हणून आम्ही तो येथे घेत आहोत.

अंडाशयांत तयार होणारे इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होऊ लागते. त्यामुळे पाळी पुढे-मागे होते, एकाएकी चेहरा व छाती तापते, घाम फुटतो, झोप मोडते, चिडचिड वाढते. पाळी जाण्याच्या काही वर्षे आधीच हे सुरू होते. घरच्यांना वाटते, हिचा स्वभावच बदलला!

या अज्ञानाची जबर किंमत मराठवाड्याने मोजली आहे. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील शासकीय समितीने बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांची माहिती घेतली. त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. आपल्या हिंगोली जिल्ह्यातूनही कुटुंबे ऊसतोडीला जातात. गर्भपिशवीबरोबर दोन्ही अंडाशये काढली गेली, तर तिशीतल्या स्त्रीलाही तत्काळ रजोनिवृत्ती येते. त्रास अधिक तीव्र होतो आणि हाडे लवकर ठिसूळ होतात. काही आजारांत ही शस्त्रक्रिया अपरिहार्य असते, हे खरे. परंतु केवळ पाळी अनियमित झाली किंवा अंगावरून पांढरे जाते, एवढ्यावरून कोणी ती सुचविली, तर सरकारी रुग्णालयातील स्त्रीरोगतज्ज्ञाचे मत घेतल्यावाचून होकार देऊ नये.

नैसर्गिक रजोनिवृत्तीचा त्रास पुष्कळदा दिनचर्येतील बदलांनी सुसह्य होतो. सैल सुती कपडे वापरावेत, सायंकाळनंतर चहा टाळावा, तिखट कमी करावे. हळद शिजविण्याच्या दिवसांत धगीजवळचे काम पहाटे उरकावे. (हळद हा या त्रासावरचा सिद्ध उपाय नव्हे, वसमतच्या शेतकरी बांधवांनी राग मानू नये.) सोयाबीनने काही जणींना थोडा आराम पडतो, पण आपल्याकडे ते पिकते शेतात आणि जाते बाजारात, ताटात क्वचितच येते. हाडांसाठी दूध, ताक, तीळ, राजगिरा आणि सकाळचे ऊन हवे. शहरात राहणाऱ्या भगिनींनी रोज अर्धा तास चालावे. मिशरी मात्र सोडावीच लागेल. तंबाखूमुळे पाळी लवकर जाते आणि हाडेही झिजतात. एवढे करूनही झोप लागत नसेल किंवा मन सतत खिन्न राहत असेल, तर त्यावर औषधोपचार आहेत; ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावेत.

पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा थेंबभर जरी रक्त दिसले, तरी 'पाळी परत आली' असे समजू नये. क्वचित ते गर्भाशयाच्या कर्करोगाचे पहिले लक्षण असते. त्याच आठवड्यात तपासणी करून घ्यावी, आणि पतीने सोबत जावे.