हजार टनांचं स्वप्न

ऑक्टोबर 2013. लखनौशेजारच्या उन्नाव जिल्ह्यातलं गंगाकाठचं डौंडिया खेडा एकाएकी जत्रेचं गाव झालं. वाहिन्यांच्या गाड्या, पोलिसांचा पहारा, चहा-भज्यांच्या टपऱ्या. 1857च्या उठावानंतर फासावर गेलेल्या राव रामबक्ष सिंहांच्या पडक्या किल्ल्याखाली हजार टन सोनं आहे, असं स्वप्न साधू शोभन सरकार यांना पडलं होतं.

रिझर्व्ह बँकेकडे तेव्हा होतं सुमारे 558 टन!

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या उपकरणांना 5 ते 20 मीटर खोलीवर काहीतरी वेगळं, अचुंबकीय असं जाणवलं. पण सोन्याप्रमाणेच पोकळी, पाणी आणि कित्येक दगडही चुंबकाला दाद देत नाहीत. उपकरण फरक दाखवतं, धातूचं नाव सांगत नाही. शिवाय सोनं पाण्याच्या 19 पट जड. हजार टन म्हणजे जेमतेम 52 घनमीटर, एका खोलीत मावेल एवढा ऐवज.

18 ऑक्टोबरला पुरातत्त्व खात्याने कुदळ मारली. थरामागून थर उतरताना हाती आली खापरं, विटांच्या भिंती, चुली, काचेच्या बांगड्यांचे तुकडे. सोन्याचा कण नाही. महिन्याभरात खोदकाम थांबलं आणि टपऱ्याही उठल्या.