हरणांनी खायचं कुठं?

गंगाखेडहून दक्षिणेला निघालं की गोदाकाठची खोल काळी जमीन लवकरच मागे पडते आणि बालाघाटचे उतार सुरू होतात. खाली कापूस, सोयाबीन, तूर, ऊस. वर मुरूम, दगड आणि कुसळी गवत. या दोहोंच्या शिवेवर हरणं, म्हणजे काळविटं, राहतात. दिवस कलला की माळ उतरून पिकात येतात, उजाडायच्या आत परत वर जातात.

मला तिकडे पाठवलं ते संपादकांनी. अमेरिकेतल्या गवताळ प्रदेशात काही जमीनमालक शेतात मुद्दाम हरणांसाठी पीक पेरतात, कडेने झाडांच्या रांगा लावतात आणि मोसम आला की त्याच हरणांची शिकार करतात, असं त्यांच्या वाचनात आलं होतं. "आपल्याकडे हरणं न बोलावता शेतात येतात. मग आपण काय करतो, ते बघून या," एवढंच त्यांचं सांगणं.

आधी अमेरिकेतली गोष्ट सांगतो, कारण ती आपल्याला वाटते तेवढी परकी नाही. कॅन्सस, नेब्रास्का, आयोवा या राज्यांतली जमीनही एके काळी माणसाच्या उंचीच्या गवताची होती. जॉन डियरचा पोलादी नांगर १८३७ मध्ये आला आणि ते रान फुटत गेलं. उंच गवताच्या त्या प्रदेशातला चार टक्क्यांहून कमी भाग आज शिल्लक आहे, तोही प्रामुख्याने जिथे दगडामुळे नांगर चालला नाही तिथे. आपल्याकडेही हेच झालं. काळी जमीन शेतीत गेली आणि गवत बालाघाटच्या दगडांत उरलं.

१९३०च्या दशकात तिकडे धुळीची वादळं उठली. तेव्हा सरकारने वारा अडवायला उत्तर डाकोटापासून टेक्सासपर्यंत झाडांचे पट्टे लावले. १९४२ पर्यंत सुमारे २२ कोटी झाडं लागली, पट्ट्यांची लांबी तीस हजार किलोमीटरच्या घरात गेली. ते लावले मातीसाठी, पण त्यांचा आडोसा हरणांनाही झाला. पुढे शिकारीच्या हौसेने जमीनमालकांनी यात भर घातली. कुणी एखाद-दोन एकर तिपतिया घास पेरतं, कुणी सलगम, कुणी ओट, तर कुणी मक्याच्या चार ओळी काढणी न करता हिवाळाभर उभ्या ठेवतं. १९०० च्या सुमारास पाच लाखांपर्यंत खाली आलेलं पांढऱ्या शेपटीचं हरण आज तीन कोटींच्या आसपास आहे. या सगळ्याला पैसा मिळतो तो बराचसा शिकाऱ्यांकडूनच. १९३७ च्या कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरचा कर वन्यजीवांच्या कामाला लावून दिला. म्हणजे हरणाला चारा घालणारा, त्याची संख्या आवरणारा आणि खर्च उचलणारा माणूस तिथे एकच आहे.

आपल्याकडे ही तीन कामं तीन दिशांना गेली आहेत. गंगाखेडच्या माळावर फिरताना माझ्या मनात हाच विचार घोळत राहिला.

शिकारीसाठी राखलेली रानं आपल्यालाही नवी नव्हती. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. हैदराबादजवळची निजामाची शिकारीची जागा आज महावीर हरिण वनस्थळी म्हणून काळविटांसाठी राखीव आहे. भावनगरच्या राजांचं वेळावदरचं कुरण १९७६ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. कोल्हापूरच्या दरबारी काळविटाच्या शिकारीसाठी चित्ते पाळले जात. शिकारीच्या हौसेपायी का होईना, दरबाराने गवत राखलं, त्यावर नांगर फिरू दिला नाही. १९५२ मध्ये चित्ता देशातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि काळवीट पहिल्या अनुसूचीत गेलं. तो कायदा झाला नसता तर कर्जतजवळच्या रेहेकुरीला आज काळवीट दिसलं नसतं. १९८० मध्ये अभयारण्य झालेली ती जागा जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरची. गंगाखेड तालुक्याच्या वाट्याला तेवढंही आलं नाही. परभणी जिल्ह्याचं वनक्षेत्रच एक टक्क्याच्या आसपास. इथलं हरण राहतं ते गायरानात, पडीक माळावर आणि शेतकऱ्याच्या बांधावर.

उतारावरच्या एका गावात मी एका शेतकऱ्याबरोबर जागलीला गेलो. साठीच्या पुढचा माणूस, गावात सगळे त्यांना मामा म्हणतात, मीही तेच म्हणू लागलो. शेत हरभऱ्याचं. चारी बाजूंनी जुन्या साड्या बांधलेल्या. घरातल्या संपल्या तेव्हा त्यांनी बाजारातून किलोवर विकत आणल्या होत्या. साड्यांच्या आत झटका मशीनची तार. "साडी आठ दिस चालती, सर. मंग हरणाला कळतंय की ही हालती पर काई करत न्हाई," मामा म्हणाले.

झटका मशीनपाशी मी बराच वेळ बसलो. लहानसं सौर पॅनल, १२ व्होल्टची बॅटरी, एक डबी आणि बांबूंवरून ओढलेली तार. डबीतून साधारण दर सेकंदाला काही हजार व्होल्टचा, पण क्षणाच्याही छोट्या भागापुरता झटका तारेत जातो. जनावर दचकतं, मरत नाही. मात्र हा झटका जनावराच्या अंगातून जमिनीत उतरून अर्थिंगच्या सळईपर्यंत परतला तरच बसतो. इथेच काळी जमीन दगा देते. ओल असेपर्यंत ती वीज छान वाहून नेते. फेब्रुवारी उजाडला की भेगा पडतात, सळईभोवतीची माती सुटते आणि मशीन नुसतं टिकटिकत राहतं. मामा दर संध्याकाळी त्या सळईच्या बुडाशी मीठ घातलेलं पाणी ओततात. पावसाळ्यात उलटा त्रास. तारेखालचं तण वाढून तारेला टेकलं की झटका तिथेच गळतो, म्हणून कडेने खुरपत राहावं लागतं. रोही, म्हणजे नीलगाय, आलाच तर तार अंगावर घेऊन तोडतो. हरण तसं करत नाही. ते तारेच्या बाजूने चालत राहतं, बांध खचून तार उंच झालेली जागा हेरतं आणि तिथून खाली वाकून आत शिरतं. मामांनी अशा जागी दगड लावून ठेवले आहेत. "तेंला माज्या शेताचा नकाशा माज्यापेक्षा बरा ठाव हाय," ते म्हणाले. त्या वाक्यात राग नव्हता, आणि मला त्याचंच नवल वाटलं.

हरभऱ्याचे शेंडे शेतकरी स्वतःही खुडतो, फुटवे वाढावेत म्हणून. हरणंही शेंडेच खातात, पण ती एकदा खाऊन थांबत नाहीत. सोयाबीन तर दोन पानांवर असतानाच खातात आणि शेतकऱ्याला दुबार पेरणी करावी लागते. हिवाळ्यात माळावरची कुसळी वाळून तिच्यात नावापुरतीच प्रथिनं उरतात, आणि माळाच्या पायथ्याशी हिरवा, कोवळा हरभरा उभा असतो. जनावराने काय निवडावं? अमेरिकन जमीनमालक हौसेने पेरतो तो हरणांचा वाफा आपल्याकडे अल्पभूधारकाच्या कर्जावर उभा आहे.

मग हरणाला त्याचं रान परत देता येईल का? येईल, आणि ते गवताने येईल. गवत परत आणण्याची ही कला मला या सगळ्या प्रवासात सर्वांत मोलाची वाटली. माळ सुधारायची पहिली पायरी म्हणजे चराई थांबवणं. चांगल्या गवतांची खोडं जमिनीत तग धरून असतात, एक-दोन पावसाळे विश्रांती मिळाली की मारवेल, पवन्या, शेडा डोकं वर काढतात. कुसळी माजते ती अतिचराईने चांगलं गवत संपल्यावर. तिची कुसं मेंढीच्या लोकरीत आणि कातडीत रुततात, म्हणून धनगरही तिच्यावर खूश नसतो. जिथे बुंधेच गेले तिथे बी पेरावं लागतं. ते दिवाळीच्या आगेमागे गोळा करायचं, पण लगेच टाकायचं नाही, कारण ताजं बी झोपलेलं असतं. ते पुढच्या पावसापर्यंत ठेवायचं. बी हलकं, केसाळ, वाऱ्याने उडणारं. म्हणून माती-शेणात कालवून त्याच्या गोळ्या करतात आणि पहिल्या पावसावर वरच्यावर टाकतात. खोल गाडलं तर उगवत नाही. कुठे बियांऐवजी ठोंब फोडून लावतात. सोबत स्टायलोसारखी द्विदल वैरण मिसळली की हिवाळ्यातही थोडं हिरवं राहतं. पहिल्या वर्षी विळा लावायचा नाही. दुसऱ्या वर्षी बी झडल्यावर चार बोटं बुंधा ठेवून कापायचं.

सगळं एकदम कापायचंही नाही. काळविटाला चरायला आखूड, पानाळ गवत लागतं आणि पाडसं लपवायला उंच गवत लागतं, कारण मादी पहिले काही दिवस पाडसाला गवतात दडवून एकटी चरते. कापलेला पट्टा आणि राखलेला पट्टा शेजारी शेजारी ठेवणारा माळच त्याला मानवतो. बोर, हिवर, हिंगणबेट अशी विखुरलेली झाडं चालतात. दाट झाडी चालत नाही. काळवीट जगतं ते डोळ्यांवर आणि पायांवर: शत्रूला लांबून पाहायचं आणि मोकळ्यात पळायचं.

इथे वेडी बाभूळ मध्ये येते. तिच्या गोड शेंगा उन्हाळ्यात पिकतात, तेव्हा माळावर दुसरं काहीच नसतं. हरण त्या खातं. बी पोटातून धडधाकट बाहेर पडतं आणि लेंडीच्या ढिगात, खतासकट, रुजतं. नर काळवीट आपली हद्द दाखवायला पुन्हा पुन्हा त्याच जागी लेंड्या टाकतो, त्यामुळे त्या जागी रोपांचं बेट तयार होतं. काही वर्षांत ते इतकं दाट होतं की ज्याने ते पेरलं त्या हरणालाच तिथे पळता येत नाही. कॅन्ससच्या गवताळ रानात लाल देवदाराने असंच पाय पसरले आहेत. वणवे थांबले आणि मोकळं रान झाडांखाली गेलं. झाड वाढणं म्हणजे रान सुधारणं, ही समजूत दोन्हीकडे गवताच्या मुळावर आली आहे.

गवत राखायच्या वाटेत पहिली अडचण लागवडीची. २०१६ पासून राज्यात वृक्षलागवडीच्या मोठ्या मोहिमा झाल्या. उद्दिष्टं २ कोटी, ४ कोटी, १३ कोटी, ३३ कोटी अशी चढत गेली. मराठवाड्यात जंगल कमी, म्हणून इथे जोर अधिक. हेतूबद्दल मला शंका नाही. पण खड्डे खोदायला मोकळी जागा लागते आणि मोकळी जागा म्हणजे माळ. चर मारले, ग्लिरिसिडिया लावला की नकाशात हिरवं दिसतं, आणि जमिनीवर पवन्याचे बुंधे उखडले जातात.

दुसरी अडचण गायरानाची, आणि ती अधिक नाजूक आहे. मराठवाड्यातली गायरानं कुणाच्याच नसलेल्या जमिनी नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या भूमिहीन राहिलेल्या दलित कुटुंबांनी ती कसली, त्यासाठी मार खाल्ला, आंदोलनं केली. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणं नियमित करण्याचा निर्णय शासनाने १९९१ मध्ये घेतला. २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने गायरानावरची अतिक्रमणं हटवण्याचे आदेश दिले, तेव्हा या घरांच्या पोटात गोळा आला. हरणासाठी गवत हवं म्हणून एखाद्या विधवेची दोन एकर ज्वारी काढून घ्यायची, असा उपाय मला मान्य नाही. कुणीही कसत नसलेला मुरमाड भागच गवताला राखता येईल, आणि तो राखताना मेंढपाळालाही बसून विचारावं लागेल.

तिसरी अडचण हरणांच्या संख्येची. चारा वाढला तर हरणंही वाढतील, मग त्यांना कोण आवरणार? चित्ता गेला. लांडगा माळाचा खरा राखणदार होता, तोही विरळ झाला. रानडुक्कर आणि रोही पिकाची नासाडी करत असतील तर परवानगीने मारण्याची मुभा शासनाने २०१५ मध्ये दिली. काळविटाला ती नाही, आणि ती असावी असं मला वाटत नाही. म्हणजे नुकसानभरपाई उरते. ती मागायला तीन दिवसांत अर्ज हवा, मग वनविभाग, महसूल आणि कृषी खात्याच्या माणसांनी मिळून पंचनामा करायचा. हरण रोज थोडं थोडं खातं. अर्ज नेमका कोणत्या दिवसाचा करायचा? जागलीने डोळे लाल झालेला माणूस तालुक्याला खेपा घालत नाही, तो आणखी एक तार ओढतो. कुठे कुठे त्या तारेत थेट खांबावरची वीज सोडली जाते, आणि तिने हरणाबरोबर माणसंही मरतात. मामांनी तसं कधी केलं नाही. का, हे मी विचारलं. "पाडस बगितलंय म्या, सर," एवढंच ते बोलले.

अमेरिकेतला वाफा आपल्याला जसाच्या तसा उचलता येणार नाही, कारण त्याचा हिशेब बंदुकीवर मिटतो. आपल्या हिशेबात गवत, लांडगा आणि वेळेवर मिळणारी भरपाई, तिन्ही लागतील. यातलं पहिलं मात्र गावाच्या हातात आहे. म्हणून गंगाखेड तालुक्यातल्या ग्रामसभांना एक विनंती. यंदा माळावर झाडं लावण्याचा ठराव आला, तर आधी श्रावणात त्या जागी जा आणि कोणतं गवत उगवलंय ते बघा. मारवेल, पवन्या, शेडा दिसला तर तिथे खड्डे खोदू नका. झाडं गावठाणात, रस्त्याकडेला, ओढ्याकाठी लावा. माळाला दोन पावसाळे मोकळं सोडा. आणि वेडी बाभूळ काढायची असेल तर शेंगा धरायच्या आधी, बुडासकट काढा.