मऊ सीट आणि दुखरी कंबर

आजचा विषय आहे मोटारसायकलची सीट आणि सस्पेन्शन. आत येताना बाहेर लावलेल्या गाड्या पाहिल्या. बऱ्याच गाड्यांवर जाळीचं, जेलचं नाहीतर हवेचं जादा कुशन बांधलेलं दिसलं. म्हणजे दुखणं घरोघरी आहे, आणि बहुतेकांनी उपाय एकच केलाय: आणखी मऊ सीट. आमचं म्हणणं असं, की हा उपाय बरेचदा चुकीच्या जागी केलेला असतो, आणि कधीकधी त्यानं दुखणं वाढतंही.

गंमत म्हणजे हे आपण नाशिकमध्ये बोलतोय. आपल्या अंबडच्या औद्योगिक वसाहतीत गॅब्रिएलचा कारखाना आहे, तिथं दुचाकींचे शॉकअ‍ॅब्सॉर्बर बनतात. तिकडे वाळूजला एन्ड्युरन्स. शॉकअप आपल्या दारात तयार होतो, पण मागच्या शॉकअपवर जी खाचांची रिंग असते, ती गाडी घेतल्या दिवसापासून कुणी फिरवलेली नसते. ती कशासाठी आहे हे शोरूममध्ये कुणी सांगत नाही, आणि आपणही विचारत नाही.

आधी दुखतं कुठं आणि कधी, ते पाहायचं. निघाल्यावर अर्धा-पाऊण तास बरं वाटतं आणि मग बुडाखालची दोन हाडं टोचायला लागतात, तर दोष सीटचा. प्रत्येक खड्ड्याला कंबरेत कळ जाते, तर दोष सस्पेन्शनचा किंवा टायरमधल्या हवेचा. मनगटं आणि मान भरून येते, तर बहुधा सीट पुढं उतरती झालीय आणि माणूस टाकीवर घसरून सगळा भार हातावर घेतोय. आणि पायात मुंग्या येतात, कळ मांडीतून खाली उतरते, तर आधी डॉक्टर, मग मेकॅनिक. हा क्रम कृपा करून उलटा करू नका.

आता सीट. दुकानात आपण अंगठ्यानं दाबून बघतो, अंगठा आत गेला की खूश. पण अंगठा म्हणजे सत्तर किलोचा माणूस नव्हे. फार मऊ फोम आपल्या वजनानं पार दबतो आणि हाडं खालच्या कडक तळाला टेकतात. पाहुण्यांच्या घरच्या जुन्या सोफ्यात बसल्यावर फळी लागते ना, तसं. फोमचं वजन आणि फोमचा कडकपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही लक्षात ठेवा. चांगला दाट फोम मऊही असू शकतो, आणि हलका फोम कडक असून सहा महिन्यांत बसकण मारतो.

दुसरी गोष्ट थोडी चमत्कारिक आहे. माणसाचं शरीर उभ्या दिशेत सेकंदाला साधारण ४ ते ८ वेळा हललं, की कण्याला आणि पोटाला सगळ्यात जास्त त्रास होतो. अंगाला बसणाऱ्या कंपनांसाठी आयएसओ २६३१ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यातही याच पट्ट्याच्या आसपासच्या हादऱ्यांना सर्वाधिक महत्त्व दिलंय. आता फोमवर माणूस बसला, की फोम ही एक स्प्रिंगच झाली. आणि मऊ फोमवरचा माणूस डोलतो तो बरेचदा सेकंदाला चारेक वेळा! म्हणजे इंजिनाची बारीक थरथर फोम गिळून टाकतो, पण खडबडीत रस्त्याचा मोठा हादरा तो कमी करेलच असं नाही, उलट वाढवू शकतो. तो हादरा गिळायचं काम सस्पेन्शनचं. सीटकडून ते करून घ्यायला गेलं की पैसे जातात आणि कंबर तिथंच राहते.

मग सीट बदलायचीच नाही का? बदला ना. पण मऊपणापेक्षा आकार बघा. मागं रुंद, म्हणजे भार दोन्ही हाडांवर आणि मांड्यांवर पसरतो. पुढं निमुळती, म्हणजे सिग्नलला दोन्ही पाय जमिनीला पोचतात. बैठक शक्यतो सपाट. खोलगट वाटीसारखी सीट पहिले दहा किलोमीटर छान वाटते, पण मग माणूस एकाच जागी अडकतो, आणि लांबच्या प्रवासात जागा बदलता येणं हाच निम्मा आराम असतो. जेलबद्दल एवढंच सांगतो: एप्रिल-मेमध्ये गाडी दुपारी उन्हात लावून बघा. आणि सीट नव्यानं शिवून घेत असाल तर शिवण बसायच्या जागेवरून नेऊ देऊ नका. इगतपुरीच्या पावसात त्या टाक्यांतून पाणी शिरतं, फोम स्पंजासारखा भिजतो आणि चार-चार दिवस वाळत नाही.

आता मुख्य मुद्दा, सस्पेन्शन. सुरुवात टायरपासून, कारण टायर हीसुद्धा स्प्रिंगच आहे. पंपावरचा मुलगा सरसकट चाळीस मारून देतो आणि आपण ॲव्हरेज वाढलं म्हणून खूश होतो. किती हवा भरायची ते गाडीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं, एकट्यासाठी वेगळं आणि डबलसीटसाठी वेगळं. हवा थंड टायरमध्ये मोजायची. हे फुकट आहे, म्हणून आधी करायचं.

मग टेप घ्या. गाडी मेन स्टँडवर लावा, म्हणजे मागचं चाक लोंबकळेल. चाकाच्या एक्सलपासून सरळ वर, सीटखाली एक खूण करा आणि अंतर मोजा. आता गाडी स्टँडवरून उतरवा, एकानं हँडल धरा, आणि जो रोज चालवतो त्यानं रोजच्यासारखं बसा, पाय फूटरेस्टवर. पुन्हा मोजा. दोन्हीतला फरक म्हणजे गाडी आपल्या वजनानं किती बसली. याला सॅग म्हणतात. चाकाची एकूण वर-खाली होण्याची जी जागा असते, तिच्या पाव ते एक तृतीयांश एवढी गाडी बसावी. उरलेली जागा खड्ड्यांसाठी. निम्मी जागा तुम्हीच बसून खाल्लीत, तर खड्डा आल्यावर शॉकअप तळाला आपटणारच. आणि तो आपटला की धक्का थेट कण्यात.

आमच्या वर्कशॉपमध्ये एक शिक्षक आले होते. रोज नाशिक-सिन्नर जाऊन-येऊन. दोन वर्षांत तीन सीटा झाल्या होत्या, आणि आता महागडे परदेशी शॉकअप मागवावेत का, असं विचारत होते. मोजलं. ११० मिलिमीटरपैकी ५२ मिलिमीटर गाडी नुसती बसल्यानंच गेली होती. रिंग सगळ्यात खालच्या खाचेवर. हूक पान्यानं तीन खाचा चढवल्या, ३६ वर आलं. मग सीट दाबून सोडली, तर गाडी तीनदा डोलली. दाबून सोडल्यावर ती वर येऊन तिथंच थांबायला हवी. म्हणजे आतलं डॅम्पिंग संपलेलं. कंपनीचेच नवे शॉकअप जोडीनं टाकले आणि माळ्यावर टाकलेली जुनी, मूळची सीट परत बसवली. परदेशी शॉकअपचा विषय तिथंच संपला.

इथं एक गैरसमज काढून टाकू. खाच चढवली की स्प्रिंग कडक होते, असं सगळे म्हणतात. होत नाही. स्प्रिंग तीच राहते, फक्त गाडी वर उचलली जाते. स्प्रिंग खरोखर नरम आहे का, हे वेगळं ओळखायचं. माणूस बसल्यावरचं माप बरोबर आलं, पण रिकामी गाडी जवळजवळ बसतच नाही, तर स्प्रिंग तुमच्या वजनाला नरम पडतेय आणि तुम्ही ती उगाच आवळून ठेवलीय. तेव्हा स्प्रिंग बदलायची. उलट रिकामी गाडीच खूप बसते, तर स्प्रिंग जास्त कडक आहे.

गिरणारेच्या बाजाराला टोमॅटोचे तीन क्रेट बांधून जाणारा शेतकरी म्हणजे साठ किलो आणि वर तो स्वतः. त्यानं रोज सकाळी खाचा चढवाव्यात आणि परतताना उतरवाव्यात. दोन मिनिटांचं काम. हा नुसता आरामाचा प्रश्न नाही. मागून बसलेल्या गाडीचं पुढचं चाक हलकं होतं, ती वळणात रुंद जाते आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात मारते. कसारा घाटात रात्री डबलसीट उतरताना वळणावर गाडी रेषेबाहेर जाते, तेव्हा आपण स्वतःला नाहीतर टायरला दोष देतो. खाच कुणाच्या डोक्यात येत नाही.

मागं बसणाऱ्या माणसाचा तर विचारच होत नाही. तो जवळजवळ मागच्या चाकावर बसलेला असतो, त्यामुळे चालवणाऱ्यापेक्षा मोठा धक्का त्याला बसतो, आणि खड्डा त्याला दिसतही नाही. आई हल्ली गाडीवर बसायला नको म्हणते, रिक्षा कर म्हणते, याचं कारण वय असेलच असं नाही.

नवे शॉकअप घ्यायचेच असतील तर गॅसचे की साधे? गॅस हा शब्द ऐकून मऊ समजू नका. आत नायट्रोजन भरतात तो तेलाला फेस येऊ नये म्हणून. सतत खडबडीत रस्त्यावर तेल तापतं, फेसाळतं, आणि डॅम्पिंग ढिलं पडतं. १९५०च्या दशकात फ्रान्समध्ये द कार्बों यांनी गॅसच्या दाबाचा एकनळी डॅम्पर पुढं आणला, तो याच अडचणीवर. रोज सातपूर ते कॉलेज रोड एवढंच जाणं असेल तर साधा, नवा, चांगला शॉकअप पुरतो. पुढच्या शॉकअपचं म्हणाल तर आधी ऑइल बदला, मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचं आणि मापाचं. तेल जास्त भरलं की वरची हवेची जागा कमी होते आणि शेवटी-शेवटी शॉकअप दगडासारखा होतो.

श्रोत्यांतून चिठ्ठी आलीय: उंच शॉकअप टाकून गाडी वर उचलली तर चालेल का? आमचं मत, टाळा. मागची बाजू वर गेली की पुढच्या फोर्कचा कोन उभा होतो, हँडल चपळ पण वेगात अस्थिर होतं, चेन चिमट्याला घासू शकते आणि साइड स्टँड तोकडा पडतो. दुसरी चिठ्ठी कायद्याची आहे. सीट सिंगल करताना मागच्याची पकडायची कडी आणि फूटरेस्ट काढू नका. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२३व्या नियमानुसार त्या असायलाच हव्यात, आणि साडीगार्डही.

बाकीच्या चिठ्ठ्या नंतर घेऊ. स्टेजच्या डावीकडे एक गाडी मेन स्टँडवर लावलीय, टेप आणि हूक पाना तिथंच आहे. वजनानं वेगवेगळे असे तिघं जण पुढं या, तिघांचं मोजून बघू.