एकच बार, रात्रभर राखण

चिरनेर, तालुका उरण. ऑक्टोबरचा पहिला आठवडा. हळवं भात चिकात आलं आहे.

पहाटे 5.15

बांधावर पोचलो तेव्हा उजाडायला अवकाश होता. बॅटरीच्या उजेडात डोंगराकडचं खाचर पाहिलं आणि काय झालं ते लगेच कळलं. कर्जत 3 चं उभं पीक मधोमध लोळवलेलं. डुकरांनी खाल्लं त्याहून तुडवलं जास्त. लोंबी दाताखाली धरून चीक चोखायचा, उरलेलं अंगाखाली घालायचं आणि जाताना गांडुळांसाठी बांध उकरायचा, ही त्यांची रीतच आहे. बांध फुटला की खाचरातलं पाणी जातं, म्हणजे न तुडवलेल्या भातालाही फटका.

वाडीवरचे कातकरी काका माग बघायला आले. वाकून चिखलातले खूर न्याहाळले, एका ठिकाणी बोट टेकवलं. मोठ्या खुरांच्या आजूबाजूला नखाएवढे छोटे खूर होते. “मादी हाय. बरोबर पिल्लां हायेत. एकुलगा नाय,” ते म्हणाले. “आज परत येतील.”

हा फरक मोठा आहे. एकुलगा म्हणजे कळप सोडून फिरणारा सुळेवाला नर. तो एकटाच येतो. मादी येते तेव्हा पाठीवर पट्टे असलेली पिल्लं तिच्या मागेपुढे पळत असतात. अंधारात कुठल्या हालचालीवर नेम धरायचा, हे आधी माग वाचल्याशिवाय ठरवता येत नाही.

सकाळी 7

चहा घेताघेता मोबाइलवर काढलेले फोटो मुलीने नीट लावले आणि अर्ज लिहायला घेतला. नुकसान झाल्यापासून तीन दिवसांच्या आत कळवायचं असतं, म्हणून मी आजचं उद्यावर टाकत नाही. दोन अर्ज केले. एक नुकसानभरपाईचा, दुसरा परवानगीचा.

दुसरा अर्ज समजावून सांगायला हवा, कारण गावातही त्याबद्दल गैरसमज आहेत. माझ्याकडे शेतीसंरक्षणाची परवान्याची बंदूक आहे, वडिलांच्या वेळेपासूनची. पण परवाना बंदुकीचा आहे, डुक्कर मारण्याचा नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद केली. पिकाची नासाडी करणाऱ्या रानडुकराला आणि रोहीला मारण्याची वाट राज्य सरकारने जुलै 2015 च्या निर्णयाने मोकळी केली, तीही वनक्षेत्रपालांकडे रीतसर अर्ज करूनच. त्यांनी खात्री करून 24 तासांत निर्णय द्यायचा, न दिल्यास परवानगी मिळाली असं धरायचं. मारलेलं जनावर सरकारी मालमत्ता होतं. त्याची खबर द्यायची, पंचनामा करायचा, मांस कुणी न्यायचं नाही.

म्हणजे आज अर्ज दिला तरी आजची रात्र मला गोळी चालवता येणार नाही. मला ते मान्य आहे.

सकाळी 10

मोटारसायकलवरून उरणला निघालो. वाटेत हुतात्मा स्मारकाशी हात जोडतो, ही घरची सवय. 25 सप्टेंबर 1930 ला इथल्या शेतकऱ्यांनी आणि आदिवासींनी अक्कादेवीच्या रानात जंगल सत्याग्रह केला, पोलिसांनी गोळीबार केला आणि 8 जण हुतात्मा झाले. नाग्या महादू कातकरी त्यांतलाच. माझ्या आजाच्या पिढीने जंगलावरच्या हक्कासाठी गोळ्या झेलल्या, म्हणून जंगल आणि बंदूक हे दोन शब्द या गावात सैलपणे वापरले जात नाहीत.

खोपटे पुलावर कंटेनरच्या गाड्यांची रांग होती. तालुक्याचा अर्धा जीव आता बंदरावर आणि गोदामांवर चालतो. जानेवारी 2024 मध्ये उरणपर्यंत रेल्वे आली आणि अटल सेतूही सुरू झाला. भरावासाठी डोंगर फोडले जातात, रान तुकड्यातुकड्यांत उरतं. डुक्कर कुठे जाणार? जिथे ओल आणि दाणा आहे तिथे, म्हणजे आमच्या खाचरात.

वनविभागाच्या कार्यालयात दोन्ही अर्ज दिले, पोच घेतली. बंदुकीची कागदपत्रंही बरोबर ठेवली होती. उरण तालुका महसुलाला रायगड जिल्ह्यात, अलिबागकडे. पोलीस मात्र नवी मुंबई आयुक्तालयाचे. त्यामुळे कुठला कागद कुठे, हे परवानाधारकाला पाठ असावं लागतं. 2019 च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत तीनाऐवजी पाच वर्षं झाली, तेवढ्या खेपा वाचल्या. निवडणूक आली की छाननी समिती ठरवेल त्याप्रमाणे बंदूक ठाण्यात जमा होते. 2024 च्या विधानसभेची आचारसंहिता 15 ऑक्टोबरला लागली आणि मतदान 20 नोव्हेंबरला झालं, नेमकं कापणी-झोडणीच्या दिवसांत.

दुपारी 1

जेवण झालं आणि बंदूक पुसायला बसलो. ठासणीची बंदूक नवीन पोरांनी फक्त चित्रात बघितलेली असते, म्हणून ती कशी चालते ते सांगतो. नळीच्या तोंडातून मापाची दारू ओतायची. वर काथ्याची किंवा चिंधीची गुंडाळी घालून गजाने ठासायची. मग छरे किंवा शिशाची गोळी, वर पुन्हा गुंडाळी, पुन्हा गज. शेवटी मागच्या बोंडीवर तांब्याची केप बसवायची. चाप ओढला की घोडा केपवर आपटतो, ठिणगी आत जाते आणि बार उडतो. दुसरा बार भरायचा तर हे सगळं पहिल्यापासून, अंधारात, उभ्याने. हात कितीही सरावलेला असला तरी तोवर कळप डोंगर चढून गेलेला असतो.

काळ्या दारूची काजळी ओल धरते आणि नळी आतून खाते. म्हणून कढत पाणी ओतून नळी धुतो, गजाला फडकं गुंडाळून पाणी काळं यायचं थांबेपर्यंत फिरवतो, उन्हात कोरडी करतो आणि वरून खोबरेल तेलाचा हात देतो. घोड्याचा खटका दोनदा पाहतो. भरलेली बंदूक घरात कधी आणत नाही, आणि दारू-केपा एका पेटीत ठेवत नाही.

पुतण्याने विचारलं, “काका, हीच का वापरता? काडतुसाची घ्या ना, पाच-सहा बार एकदम.”

त्याचं उत्तर कायद्यातच आहे. 1959 च्या शस्त्र अधिनियमाच्या 13 व्या कलमात दोन गोष्टी शेजारीशेजारी लिहिल्यात. संरक्षणासाठी किंवा खेळासाठी किमान 20 इंच नळीची, आतून गुळगुळीत बंदूक; आणि खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक. ठासणीची पुरेशी नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली तरच पिकासाठी दुसरी. कायदा करणाऱ्यांनी शेतकऱ्याच्या हातात मुद्दाम एका बाराचं हत्यार ठेवलं. राखणीला तेवढं पुरतं, कत्तलीला पुरत नाही. मला ही मर्यादा शहाणपणाची वाटते.

दुपारी 3.30

वनरक्षक आणि कृषी सहायक पंचनाम्याला आले. टेप लावून लोळवलेला भाग मोजला, खुरांचे फोटो घेतले, शेजारच्या दोघांच्या सह्या झाल्या. वनरक्षक तरुण आहेत. त्यांनी बांधाच्या कडेला ओणवं होऊन काहीतरी उपटलं आणि माझ्यासमोर धरलं. क्लचच्या तारेचा फासा होता. एक टोक करवंदीच्या बुंध्याला घट्ट आवळलेलं, दुसऱ्या टोकाला सरकती गाठ, गाठीत भेकराच्या अंगाचे तांबूस केस.

“काका, हे कुणाचं?”

माझं नाही, पण गावातल्याच कुणाचं तरी आहे. फाशाला आपलं-परकं कळत नाही. डुकरासाठी लावला तरी त्यात भेकर अडकतं, ससा अडकतो, गुराचा पाय अडकतो. कुंपणात सोडलेला विजेचा प्रवाह आणि पिठात दडवलेला गावठी बॉम्ब यांचंही तेच. ही हत्यारं माणूस घरी झोपला तरी रात्रभर मारत राहतात. त्यांना थांबवणारा तिथे कुणी नसतो. म्हणून माझ्या मनात बंदुकीपेक्षा फाशाबद्दल जास्त राग आहे. आम्ही दोघांनी काळोख पडेपर्यंत बांधाची कड तपासली आणि सापडले ते फासे कापून त्यांच्या पिशवीत घातले.

संध्याकाळी 6.30

भाच्याचा फोन आला. तो कॅनडात अल्बर्टा प्रांतात असतो, तिकडे सकाळचे 7 वाजले होते. यंदा तो हरणाच्या शिकारीला जाणार आहे. तिथे परवाना घेऊन हंगामात शिकार करता येते. त्याने रायफल घेतलीये आणि तिच्या मॅगझीनचा फोटो पाठवला.

“मामा, हे बघा. डबा मोठा दिसतो, पण आत पाचच गोळ्या बसतात.”

कॅनडात सेंटरफायर काडतुसाच्या सेमी-ऑटोमॅटिक रायफलच्या मॅगझीनला पाचाची मर्यादा आहे. मोठ्या क्षमतेचं मॅगझीन असेल तर आत पोलादी पिन किंवा ठोकळा कायमचा बसवतात. गोळ्यांना वर ढकलणारी स्प्रिंगवरची पट्टी त्या अडथळ्याच्या खाली जातच नाही, म्हणून सहावी गोळी भरता येत नाही. आणि ती पिन सहज निघेल अशी चालत नाही. कायद्याला ती पक्की जोडलेली हवी.

मग त्याच्याकडून पुढचं समजून घेतलं. अमेरिकेत 1935 पासून स्थलांतरित पाणपक्ष्यांच्या शिकारीला बंदुकीत एका वेळी तीनच काडतुसं चालतात. जास्त मावत असतील तर नळीखालच्या मॅगझीनमध्ये लाकडी दांडी घालून जागा बुजवायची. त्यामागे कडू अनुभव आहे. बाजारात विकण्यासाठी तिथे पक्ष्यांचे थवेच्या थवे मारले जायचे. एके काळी आभाळ झाकणारा प्रवासी कबुतर 1914 मध्ये सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात संपला. शेवटच्या मादीचं नाव मार्था होतं. आजच्या युरोपीय संघाच्या पूर्वसुरी समुदायाने पक्ष्यांसाठी 1979 ला केलेल्या नियमात मॅगझीनमध्ये दोनाहून जास्त गोळ्या मावणारी सेमी-ऑटोमॅटिक बंदूक बाद ठरवली. आपल्याकडे चित्ता संपला आणि 1952 मध्ये तसं जाहीर करावं लागलं.

फोन ठेवताना भाचा म्हणाला, “पाच असूनही मी पहिल्याच गोळीचा विचार करतो, मामा. तुमच्याकडूनच शिकलो.”

मला ते ऐकून बरं वाटलं. जिथे शिकार चालते तिथल्या लोकांनीही आपल्या हत्याराची भूक कायद्याने कमी करून घेतली, पिन ठोकून, दांडी घालून. जनावराला पळायला वाव राहिला पाहिजे आणि माणसाला विचार करायला वेळ, एवढंच तत्त्व मला त्यात दिसतं. आमच्या ठासणीच्या बंदुकीत ते जन्मापासूनच आहे.

रात्री 8.30

माळ्यावर चढलो. बरोबर शेजारचा मुलगा, पत्र्याचे डबे, गोफण, मोठी बॅटरी. वारा डोंगराकडून शेताकडे येत होता, म्हणजे आमचा वास कळपापर्यंत जाणार नव्हता. डुकराची नजर अधू, पण नाक फार तिखट. वारा फिरला तर ती वाटेतूनच परततात आणि दुसऱ्याच्या खाचरात शिरतात. म्हणून राखण एकट्याने करून भागत नाही, सगळ्या पट्ट्याने एका रात्री करायची असते.

बंदुकीत छरे न घालता नुसत्या दारूचा कोरा बार भरला.

रात्री 11.40

आधी बेडूक गप्प झाले. मग ओहोळाच्या बाजूने फुरफुर आली आणि लोंब्या घासल्याचा आवाज. बॅटरी टाकली. सकाळी कातकरी काकांनी सांगितलं होतं तेच: मोठी मादी, आणखी एक तिच्याहून लहान, आणि पट्टेवाली पिल्लं आईच्या पोटाखाली. मुलगा कानाशी कुजबुजला, “मारा ना!”

परवानगी हाती असती तरी मी मारलं नसतं. पिल्लांच्या मधे उभ्या मादीवर छरे टाकले तर एक मरतं, तीन जखमी होऊन रानात जातात. जखमी डुक्कर सकाळी लाकडं तोडायला जाणाऱ्या बाईवर धावतं, सुळ्याने मांडी फाडतं. हातात एकच बार असला की हा हिशेब आपोआप होतो. सहा असते तर घाबरलेल्या माणसाने सहाही काढले असते.

डबे वाजवायला सांगितलं आणि नळी आभाळाकडे करून कोरा बार काढला. कळप ओहोळातून डोंगराला लागला.

रात्री 2

दुसरी पाळी आली. डबे, गोफण, बॅटरी त्यांच्या हवाली केली. बंदूक माझ्याबरोबर घरी, कारण परवाना माझ्या नावावर आहे.

येत्या ग्रामसभेत मांडायचं ते वाटेवरच पक्कं केलं. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून सौर कुंपणासाठी अर्ज करायचा, पण एकेकट्याने नाही, डोंगराकडच्या सगळ्या शेतकऱ्यांनी मिळून, सलग पट्ट्यासाठी. रात्रीच्या राखणीच्या पाळ्या कापणी संपेपर्यंत लिहून ठरवायच्या. फासा, वीज किंवा बॉम्ब लावणाऱ्याला गावाने पाठीशी घालायचं नाही. डोंगराची माती कुठवर काढायची, याचा जाब ग्रामसभेनेच विचारायचा. काडतुसाच्या बंदुका मागूया असा ठरावही काही जण आणणार आहेत. मी उभा राहून त्याला विरोध करणार आहे. नुकसान माझंही झालंय, म्हणून मला तो हक्क आहे.