मोडायचं कुठं?

रेडिओवर चालणारं मॉडेल हेलिकॉप्टर हौशी माणसाच्या हातून पडायचंच. विमानाच्या मॉडेलला पंख असतात. इंजिन बंद पडलं तरी ते तरंगत, घसरत खाली येतं आणि चूक सुधारायला थोडी उसंत देतं. हेलिकॉप्टरला हवेत एका जागी उभं ठेवायचं तरी हात अखंड चालू ठेवावा लागतो. त्यात ते तोंड आपल्याकडे करून उभं राहिलं की डावं-उजवं उलटं होतं आणि शिकाऊ हात नेमका चुकीच्या दिशेला जातो. त्यामुळे या छंदात उडवण्याइतकीच मोडण्याचीही चर्चा होते आणि तिचा सूर बहुधा एकच असतो: भाग मजबूत करा. प्लॅस्टिक काढा, ॲल्युमिनियम घाला. ॲल्युमिनियम काढा, कार्बन फायबर घाला. गेल्या पन्नासेक वर्षांतला या यंत्रांचा प्रवास पाहिला, तर तो या सल्ल्याच्या विरुद्ध साक्ष देतो असं माझं मत आहे. यंत्रं टिकाऊ झाली ती वजन उतरल्यामुळे, भागांची संख्या घटल्यामुळे आणि कोणता भाग आधी मोडावा हे आधीच ठरवल्यामुळे. निव्वळ मजबुतीचा वाटा त्यात थोडाच.

आधी थोडा हिशेब करू. ‘७००’ वर्गातलं मोठं मॉडेल घ्या. त्याचं प्रत्येक पातं सुमारे ७०० मिलिमीटर लांब, रोटरचा व्यास जवळपास १.६ मीटर, एकूण वजन ५ किलोच्या घरात. रोटर मिनिटाला २००० फेरे घेत असेल तर पात्याच्या टोकाचा वेग सेकंदाला १६५ मीटर, म्हणजे ताशी सहाशे किलोमीटरच्या आसपास भरतो. पात्याचं वजन १९० ग्रॅम धरलं तर फिरत्या जोडीत साधारण १७०० जूल ऊर्जा साठलेली असते. हेच यंत्र रोटर थांबवून दहा मीटरवरून सोडून दिलं, तर जमिनीवर आदळताना त्याच्यापाशी असतील अवघे ४९० जूल. फिरत्या पात्यांतली ऊर्जा उंचीच्या भाषेत मांडायची तर ती पस्तीस मीटरवरून, म्हणजे दहा मजली इमारतीच्या गच्चीवरून पडण्याएवढी झाली. शिवाय मोटर चालू राहिली तर दर सेकंदाला त्यात काही हजार जूलांची भर पडत राहते. म्हणजे हेलिकॉप्टर मोडतं ते प्रामुख्यानं पडल्यामुळे मोडत नाही, फिरत असल्यामुळे मोडतं. पाती जमिनीला लागताच मागं आणि खाली वाकतात आणि बऱ्याचदा आपल्याच यंत्राचा टेल बूम, म्हणजे शेपटीची नळी, छाटून टाकतात. पायाखाली स्प्रिंगा लावून किंवा सांगाडा जाड करून या १७०० जूलांचं काहीच होत नाही.

म्हणून अपघातातलं नुकसान कमी करणारा सगळ्यांत परिणामकारक ‘भाग’ यंत्रात नसून उडवणाऱ्याच्या हातातल्या ट्रान्समीटरवर असतो: थ्रॉटल होल्डची कळ. ती ओढली की मोटर बंद होते. रोटर लगेच थांबत नाही हे खरं. पण नवी ऊर्जा येणं थांबतं. आणि हात सराईत असेल तर उरलेल्या ऊर्जेचाही उपयोग होतो. ऑटोरोटेशनमध्ये, म्हणजे मोटरविना, उतरताना अखेरच्या क्षणी पात्यांचा कोन वाढवला की रोटर आपली साठवण खर्चून पडण्याला लगाम घालतो. ज्या ऊर्जेनं यंत्राचे तुकडे केले असते तीच ते हळुवार टेकवते, आणि टेकेपर्यंत पाती मंदावलेली असतात. कुठलंही महाग कार्बन फायबर हे काम करू शकत नाही.

आता धक्का कोणत्या वाटेनं जातो ते पाहू. पात्याच्या टोकापासून तो बोल्टमधून ग्रिपमध्ये, तिथून दोन्ही ग्रिपना जोडणाऱ्या आडव्या स्पिंडलमध्ये, मग रोटरहेड, मेन शाफ्ट, मेन गियर आणि शेवटी सांगाड्यात उतरतो. दुसरी वाट पात्यांचा कोन बदलणाऱ्या स्वॉशप्लेटच्या काड्यांवरून, त्या हलवणाऱ्या सर्व्हो मोटरींच्या बारीक दात्यांपर्यंत जाते. तैवानच्या अलाइन कंपनीचं टी-रेक्स ४५० या शतकाच्या पहिल्या दशकात घरोघरच्या हौशींपर्यंत पोहोचलं, तेव्हा साध्या अपघातानंतरची खरेदीची यादी सगळ्यांना पाठ असायची: पाती, स्पिंडल, मेन शाफ्ट, मेन गियर, टेल बूम. मला ही यादी दोषांची वाटत नाही, शहाणपणाची वाटते. यातला प्रत्येक भाग स्वस्त आहे आणि बदलायला सोपा आहे. मोटर, स्पीड कंट्रोलर, जायरो ही महागाची मंडळी तिच्यात नाहीत. घरातला फ्यूज वितळतो म्हणून टीव्ही वाचतो; तीच भूमिका इथं मेन गियरचे प्लॅस्टिकचे दाते बजावतात. पातं एकाच बोल्टवर धरलेलं असतं आणि तो बोल्ट फार आवळायचा नसतो, हेही त्यातलंच. मार बसला की पातं घडीच्या चाकूसारखं मागं वळावं, एवढी मोकळीक त्याला लागते.

पूर्ण आकाराच्या हेलिकॉप्टरांतही हाच विचार रुजला. अपघातातून माणूस वाचवण्यासाठी अमेरिकी लष्करानं १९७४ साली ‘मिल-स्टँडर्ड १२९०’ हे मानक आणलं. ब्लॅक हॉक या लष्करी हेलिकॉप्टरची चाकं आणि आसनं त्याच विचारातून घडली: आदळताना ती ठरावीक बळाखाली खचत जातात आणि धक्का आपल्या पोटात घेतात.

मजबुतीच्या बाजूनं बोलणाऱ्यांचा पहिला आक्षेप असा, की प्लॅस्टिकचं रोटरहेड लवचिक असतं आणि लवचिक हेडवर कलाबाजी करता येत नाही. हे बरोबर आहे. उलटं उभं राहणं, एका क्षणात वरून खाली कोलांटी घेणं, ज्याला हौशी लोक थ्री-डी म्हणतात, त्यासाठी हेड घट्टच लागतं आणि काड्यांमध्ये खेळ चालत नाही. पण त्याची किंमत वेगळी मोजावी लागते. धातूचं हेड अपघातात तुटत नाही, त्यामुळे धक्का पुढं पाठवतं. तो मेन शाफ्टला, बेअरिंगांना आणि सर्व्होंना भोगावा लागतो. त्याहून वाईट म्हणजे ॲल्युमिनियम डोळ्यांना दिसणार नाही इतकं थोडं वाकतं. तुटलेला भाग फेकून देता येतो. किंचित वाकलेला भाग यंत्रात राहतो, कंप निर्माण करतो आणि पुढच्या अपघाताचं कारण होतो. म्हणून घट्ट हेडच्या जोडीला वाटेत कुठंतरी कच्चा दुवा मुद्दाम ठेवावाच लागतो. शेपटीचा रोटर फिरवायला दात्यांचा दांडा वापरायचा की पट्टा, या जुन्या वादातही माझा कौल पट्ट्याला. शेपटीची पाती गवताला लागली तर दांड्याच्या टोकांचे गियर झडतात. पट्टा घसरतो आणि बहुधा वाचतो. इटलीच्या सॅब कंपनीनं गॉब्लिन मालिकेत पट्टाच ठेवला, हे उगाच नाही. मात्र त्याच गॉब्लिनचा जाडजूड कार्बन बूम मोडला की खिशाला मोठी चाट बसते. उलट साधी ॲल्युमिनियमची नळी वाकली तर कुणी दुखवटा पाळत नाही.

भाग कमी केल्यानं काय साधतं, याचा सगळ्यांत चांगला पुरावा फ्लायबारचा. जर्मनीच्या डिटर श्लुटर यांनी १९७० च्या सुमारास खऱ्या अर्थानं ताब्यात राहणारी मॉडेल हेलिकॉप्टरं उडवून दाखवली. त्या आणि नंतरच्या मॉडेलांनी रोटर सावरण्याची पद्धत मोठ्या हेलिकॉप्टरांकडून घेतली होती: आर्थर यंग यांचा बेल कंपनीसाठीचा स्थिरीकरण-दांडा आणि स्टॅन्ली हिलर यांची पॅडल. मुख्य पात्यांना काटकोनात बसणारा हा दांडा म्हणजेच फ्लायबार, त्याच्या टोकांची पॅडल, त्यांना जोडणारे तरफा आणि काड्या असा मोठा पसारा रोटरवर असे. प्रत्येक अपघातात त्यातलं काहीतरी वाकायचंच. पुढं सिलिकॉनवर कोरलेले बारीक जायरो स्वस्त झाले आणि जर्मनीच्या मिकाडो कंपनीच्या व्ही-बारसारख्या यंत्रणांनी दांड्याचं काम गणितावर सोपवलं. पसाराच गेला, आणि नसलेला भाग मोडत नाही. हा बदल मुळात उड्डाण सुधारण्यासाठी झाला. दुरुस्तीचा खर्च उतरला तो वरकडीनं.

आकाराचा पुरावा याहून जोरकस आहे. जे. बी. एस. हाल्डेन, जे पुढं भारतात येऊन इथलेच नागरिक झाले, त्यांनी १९२६ च्या एका निबंधात दाखवून दिलं होतं की खोल खाणीत पडलेला उंदीर चालता होतो आणि घोड्याचा चिखल होतो. लांबी दहापट झाली की वजन हजारपट होतं, पण ते पेलणाऱ्या छेदाचं क्षेत्रफळ शंभरपटच वाढतं. ब्लेड एमसीपी एक्स हे सुमारे ४५ ग्रॅमचं हेलिकॉप्टर २०११ च्या आसपास बाजारात आलं. मोठ्या यंत्रांसारखा पात्यांचा कोन बदलून उलटंही उडणारं हे चिमुकलं यंत्र गवतावर कितीही आपटलं तरी बहुधा पुन्हा उभं राहायचं. पात्यांचा अंदाज घेऊन हिशेब केला तर त्याच्या रोटरात जेमतेम एखाद-दुसरा जूल असतो. हाल्डेनचा उंदीर तो हाच. कुणी म्हणेल, लहान यंत्र वाऱ्यात टिकत नाही आणि दूरवरून त्याचं तोंड कुठं आहे ते दिसत नाही. मान्य, मोठ्या यंत्राची जागा ते घेत नाही. पण चुका करायच्याच असतील तर त्या कुठल्या वजनावर कराव्यात, याचं उत्तर त्यानं दिलं. त्याआधीची उत्तरं कामचलाऊ होती: पायांखाली आडव्या काठ्यांची फुली बांधून टोकांना पिंगपाँगचे चेंडू लावणं, किंवा संगणकावरच्या सिम्युलेटरमध्ये तासन्‌तास पाडणं. यातलं दुसरं अजूनही सगळ्यांत स्वस्त.

आणखी एक आक्षेप येतो, तो कंपन्यांच्या हेतूवर. मुद्दाम मोडणारे भाग म्हणजे सुटे भाग विकण्याची युक्ती नव्हे काय? संशय निराधार नाही. पाती आणि गियर विकून या धंद्याचा बराच भाग चालतो. पण परीक्षा सोपी आहे. मोडलेला भाग वाचवलेल्या भागांहून स्वस्त आहे का, आणि तो बदलायला किती स्क्रू काढावे लागतात? मेन शाफ्ट दोन बोल्टांत निघत असेल तर रचना प्रामाणिक. एक गियर बदलायला अर्धा सांगाडा खोलावा लागत असेल, किंवा तो गियर दुसऱ्या भागाशी जोडूनच विकला जात असेल, तर संशय घ्यावा. आपल्याकडच्या हौशींना हे जास्तच लागू, कारण त्यांना बरेच भाग बाहेरून मागवावे लागतात. दोनशे रुपयांच्या तुकड्यावाचून यंत्र महिनाभर फळीवर पडून राहू शकतं. कोणते भाग आधी मोडतात हे ठाऊक असलं तर तेच जास्तीचे आणून ठेवता येतात.

सगळ्यांत वजनदार आक्षेप इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचा. २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओंनी लहरींच्या गोंधळातून होणारे अपघात जवळपास संपवले. आता तर एक कळ दाबली की यंत्र स्वतः सरळ होऊन वर उचललं जातं. मग मोडण्याचा विचार करायचाच कशाला? अपघातांची संख्या या ‘रेस्क्यू’नं कमी केली, हे मान्य करायलाच हवं. पण तिला सावरायला उंची लागते आणि शाबूत यंत्र लागतं. शेपटीचा पट्टा तुटला, सर्व्हो जळला, तर सरळ करायचं कशाच्या जोरावर? मंगळावरच्या इंजेन्युइटी हेलिकॉप्टरचं उदाहरण बोलकं आहे. १.८ किलोच्या त्या यंत्राचं उड्डाण पूर्ण स्वयंचलित होतं. १८ जानेवारी २०२४ रोजी ७२व्या उड्डाणात खालच्या वाळूवर नजर ठरेल अशी खूणच नसल्यानं त्याच्या दिशादर्शक यंत्रणेचा अंदाज चुकला आणि ते उतारावर जोरात टेकलं. धक्क्यानं यंत्र एकदम कललं आणि चारही पाती टोकाकडचा सुमारे एक तृतीयांश भाग सोडून, त्यांच्या सर्वांत नाजूक जागी तुटली. खालचा देह आणि त्यातली इलेक्ट्रॉनिक्स मात्र शाबूत राहिली; उडणं संपल्यावरही ते पर्सिव्हरन्स रोव्हरशी संपर्कात होतं.

मात्र पात्यांच्या बाबतीत माझ्याच युक्तिवादाला मर्यादा घालावी लागते. गियर, शाफ्ट, बूम खुशाल मोडावेत. हवेत असताना पातं सुटता कामा नये. ताशी सहाशे किलोमीटरनं निघालेला तुकडा गोळीहून वेगळा नसतो आणि न सुटलेलं पातंही जीव घेऊ शकतं. २०१३ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या एका उद्यानात एका तरुणाचा आपल्याच मॉडेल हेलिकॉप्टरचं पातं लागून मृत्यू झाला. तेव्हा पात्याचं मूळ आणि त्याचा बोल्ट या जागी काटकसर नाही, कच्चा दुवा नाही. जमिनीला लागून चरा पडलेलं पातं डिंकानं चिकटवून पुन्हा उडवणं हा तर शुद्ध वेडेपणा.

ग्राहकांनी मधल्या काळात आपला निर्णय दिलाच. चार छोटे पंखे असलेल्या ड्रोननं या छंदातली बरीच गर्दी ओढून नेली. त्यात ऊर्जा चार जागी विभागलेली असते, स्वॉशप्लेट नाही, शेपटी नाही. वाकलेला पंखा हातानं सरळ करून पुन्हा उडता येतं. हेलिकॉप्टरकडे राहिले ते मुख्यतः पात्यांचा कोन क्षणात उलटा करून आभाळात डोक्यावर उभं राहण्याचा नाद असलेले लोक. त्यांच्यासाठी मोठा रोटर अटळ आहे, त्यातले १७०० जूलही अटळ आहेत, आणि सुट्या भागांच्या डबीत दोन स्पिंडल, एक मेन शाफ्ट आणि तीनचार मेन गियर असणंही.